ब्रुनो तुशेक : निसटणाऱ्या कणांचा हिशेब ठेवणारा शास्त्रज्ञ



या पानांवर आम्ही अधूनमधून थोरामोठ्यांची ओळख करून देत असतो. बहुतेक वेळा ही माणसे आपल्या मातीतली असतात. या वेळचे पाहुणे मात्र व्हिएन्नाचे आहेत. त्यांचे नाव ब्रुनो तुशेक. भौतिकशास्त्र शिकलेल्यांना ते चांगले माहीत असते, पण त्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. ग्लासगोत राहणाऱ्या आपल्या मंडळींना एक गोष्ट वाचून नक्कीच गंमत वाटेल. युद्धातून कसेबसे वाचलेले हे गृहस्थ पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्याच गावात राहिले, तिथेच डॉक्टरेट झाले आणि पुढे ग्लासगोचेच जावईही झाले!

आता एवढ्या लांबच्या माणसाबद्दल आम्ही का लिहितो आहोत? ऑक्सफर्डशायरमध्ये हार्वेलला डायमंड नावाचे मोठे गोलाकार यंत्र आहे. ५६० मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांनी औषधांपासून धातूंपर्यंत सगळ्याचा अभ्यास होतो. अशी यंत्रे आज जगभर आहेत. ती चालवणाऱ्या प्रत्येकाला एक आकडा सतत पाहावा लागतो. कड्यात भरलेले इलेक्ट्रॉन किती तास टिकतील, हा तो आकडा. या टिकण्यावर जी मर्यादा येते, तिच्या एका मोठ्या कारणाला तुशेक परिणाम म्हणतात. कोणाचे नाव ताऱ्याला मिळते, कोणाचे नियमाला. तुशेक यांचे नाव मिळाले ते एका गळतीला! आणि त्यात त्यांचा मोठा सन्मान आहे. तो कसा, तेच आज सांगायचे आहे.

ब्रुनो तुशेक यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९२१ चा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते, आई ज्यू कुटुंबातली. ब्रुनो लहान असतानाच आई वारली. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि आईचे ज्यू असणे मुलाच्या आड आले. शाळेत बसू देईनात, म्हणून शेवटची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. विद्यापीठात नाव घातले, पण १९४० मध्ये तिथूनही बाहेर काढले. काही प्राध्यापकांना या मुलाची बुद्धी दिसत होती. त्यांनी आपली पुस्तके त्याला वाचायला दिली, आणि पुढे जर्मनीत हॅम्बुर्गला जाण्याची वाट काढून दिली. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हते, आणि त्या काळात ओळख नसणे हेच संरक्षण होते. दिवसा पोटासाठी कारखान्यांतून इलेक्ट्रॉनिक्सची कामे करायची, आणि मिळेल त्या वेळी व्याख्यानांना जाऊन मागे बसायचे, असा क्रम सुरू झाला.

याच काळात त्यांची गाठ रोल्फ विडरो या नॉर्वेजियन इंजिनीयरशी पडली. विडरो बीटाट्रॉन नावाचे यंत्र बांधत होते. यात इलेक्ट्रॉनांना चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवत त्यांचा वेग वाढवला जातो. तुशेक त्यांचे गणिती सहायक झाले. इलेक्ट्रॉन कड्यात फिरताना मार्गावरून किती झुलतात, कधी सावरतात, कधी भिंतीला जाऊन आपटतात, हे प्रश्न त्यांनी हाताळले ते इथे पहिल्यांदा. विडरो यांच्या मनात १९४३ सालीच आणखी एक कल्पना आली होती. वेगवान कण स्थिर लक्ष्यावर मारण्यापेक्षा दोन झोत समोरासमोर आदळवले, तर टकरीतली सगळी ऊर्जा कामी येईल, अशी ती कल्पना. त्यांनी तिचे पेटंटही घेतले. तरुण तुशेकना मात्र त्यात पेटंट घेण्यासारखे काही वाटले नाही, ही गोष्ट उघडच आहे असे त्यांचे मत होते. पुढे हीच कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम त्यांच्याच वाट्याला यायचे होते.

मार्च १९४५ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले. हॅम्बुर्गच्या तुरुंगात विडरो त्यांना भेटायला जात, खाण्याचे पदार्थ आणि सिगारेटी नेत. त्याबरोबर त्यांनी हायटलर या शास्त्रज्ञाचे प्रारणावरचे पुस्तकही नेऊन दिले. तुशेक यांनी कोठडीत त्या विषयावर काम सुरू केले. गोल फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात, त्यात त्यांची ऊर्जा जाते, मग त्यांच्या झुलण्यावर त्याचा काय परिणाम होतो, असा तो प्रश्न होता. उत्तर असे, की गमावलेली ऊर्जा पुन्हा भरून दिली तर योग्य आखणीच्या कड्यात झुलणे हळूहळू शांत होते. हे वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण कड्यात इलेक्ट्रॉन तासन्‌तास साठवता येतात ते याच गुणामुळे.

एप्रिलमध्ये इंग्रज फौजा जवळ आल्या तेव्हा कैद्यांना हॅम्बुर्गहून कीलकडे पायी हाकलण्यात आले. तुशेक तापाने फणफणले होते, आणि त्यात पुस्तकांचे ओझे. वाटेत ते कोसळले. पहारेकऱ्याने गोळी झाडली, ती कानाजवळ लागली. मेला असे समजून त्यांना रस्त्याच्या कडेला सोडून पलटण पुढे गेली. ते मेले नव्हते. कोणीतरी इस्पितळात पोहोचवले, तिथून पुन्हा तुरुंगात रवानगी झाली, आणि मग युद्धच संपले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे २४.

युद्धानंतर १९४६ मध्ये गटिंगेन येथे बीटाट्रॉनच्याच सिद्धांतावर प्रबंध लिहून त्यांनी अर्धवट राहिलेली पदवी घेतली, आणि १९४७ मध्ये ते ग्लासगोला आले. तिथल्या विद्यापीठात नवा सिंक्रोट्रॉन बांधणे चालले होते आणि त्यांच्यासारखा जाणकार हवाच होता. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळाली, मग अध्यापकाची नोकरी. एडिनबरोला असलेल्या माक्स बॉर्न यांच्याशी स्नेह जुळला. परक्या देशात, परक्या भाषेत नव्याने घडी बसवणे काय असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण ग्लासगोत त्यांचा जीव रमला नाही. त्यांची मावशी आदा रोमला राहत असे, लहानपणापासून तिथे जाणेयेणे होते. १९५२ च्या अखेरीस ते रोमला गेले आणि तिथलेच झाले. १९५५ मध्ये त्यांनी एल्स्पेथ याँग यांच्याशी लग्न केले. त्या ग्लासगोचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मॉरिस याँग यांच्या कन्या.

रोमजवळ फ्रास्काती या गावी इटलीने नवा सिंक्रोट्रॉन उभारला होता. ७ मार्च १९६० रोजी तिथे तुशेक यांनी व्याख्यान दिले आणि एक साधी पण धाडसी गोष्ट मांडली. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांचे वजन सारखे, विद्युतभार मात्र उलटा. म्हणजे एकाच चुंबकाच्या एकाच कड्यात इलेक्ट्रॉन एका दिशेने फिरत असतील, तर पॉझिट्रॉन त्याच वाटेने उलट्या दिशेने फिरतील. वेगळे दुसरे कडे बांधायला नको, दोघांची गाठ वाटेत पडणारच. आणि त्यांची टक्कर झाली की दोघेही नाहीसे होऊन निव्वळ ऊर्जा उरते. त्या ऊर्जेतून कोणता नवा कण जन्माला येईल ते पाहायचे! इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींवर त्या वेळी अमेरिकेत आणि सोव्हिएत रशियातही काम चालू होते. पॉझिट्रॉनसह ते करून दाखवायचे पाऊल मात्र फ्रास्कातीने आधी उचलले.

यंत्राचे नाव ठेवले आदा. साठवणीचे कडे या अर्थाच्या इटालियन शब्दांची ती आद्याक्षरे, आणि मावशीचेही नाव तेच! कार्लो बर्नार्दिनी, जियानफ्रांको कोराझ्झा आणि जॉर्जो गीगो हे मुख्य साथीदार. वर्षभराच्या आत, २७ फेब्रुवारी १९६१ रोजी, आदामध्ये पहिले इलेक्ट्रॉन साठवले गेले. दिवाणखान्यात मावेल एवढेच, जेमतेम दीड मीटर व्यासाचे हे यंत्र. वजन मात्र सुमारे ८ टन. कोराझ्झांनी नळीतली हवा इतकी काढून टाकली होती, की आतला दाब बाहेरच्या सुमारे एक लाख कोटीव्या हिश्शापर्यंत खाली गेला. आत फिरणाऱ्या एकट्या इलेक्ट्रॉनचा प्रकाशही टिपता येत असे. यंत्राच्या कागदी पट्टीवर रेघ पायरीपायरीने खाली उतरे, आणि प्रत्येक पायरी म्हणजे निसटलेला एक इलेक्ट्रॉन.

पण अडचण होती ती भरण्याची. फ्रास्कातीत कण इतके हळू भरत, की टकरी पाहण्याइतके ते साठणे शक्य नव्हते. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ ऑर्से येथे एक जोरदार रेषीय त्वरक होता. जुलै १९६२ मध्ये आदाला ट्रकवर चढवून आल्प्स ओलांडून तिकडे नेले. नळीतली निर्वात पोकळी जपण्यासाठी पंप वाटभर बॅटऱ्यांवर चालू ठेवले होते. सीमेवरच्या जकातवाल्यांना म्हणे नळी उघडून आत काय आहे ते बघायचे होते! आत काहीही नसणे हीच तर खरी मौल्यवान वस्तू, हे त्यांना समजावताना काय हाल झाले असतील, कल्पना करा.

ऑर्सेला पिएर मारें आणि त्यांचे फ्रेंच सहकारी या कामात आले, आणि आदा भराभर भरू लागली. मग एकेक नव्या तक्रारी पुढे आल्या. आधी इलेक्ट्रॉन आणि मग पॉझिट्रॉन भरण्यासाठी अख्खे यंत्र उलटे करावे लागे. ते उलटले की साठवलेले कण कधीकधी एकदम नाहीसे होत. शोध घेता कारण निघाले साधे. नळीत राहून गेलेले धुळीचे बारीक कण, यंत्र उलटताच, नेमके झोतावर पडत होते. यंत्र फिरवण्याची पद्धत बदलली आणि ही पीडा टळली.

दुसरी तक्रार मात्र धुळीची नव्हती. १९६३ च्या सुरुवातीला, एका रात्री, आदामध्ये पूर्वी कधी नव्हते इतके कण भरले गेले. आणि दिसले असे, की जितके जास्त भरावे तितके ते लवकर नाहीसे होतात. तोपर्यंत समज होता की कण निसटतात ते नळीत उरलेल्या हवेच्या रेणूंना आपटून. पण हवा दोषी असती, तर कण थोडे असोत की पुष्कळ, प्रत्येकाच्या टिकण्याचा काळ सारखाच राहिला असता. इथे तर गर्दीबरोबर आयुष्य घटत होते. याचा अर्थ कण एकमेकांनाच बाहेर काढत होते.

तुशेक यांनी पहाटेपर्यंत त्याचा उलगडा केला. त्यांनी काय पाहिले ते आपण सोप्या भाषेत समजून घेऊ. गणपतीच्या मिरवणुकीतले लेझीमचे पथक डोळ्यांसमोर आणा. सगळे एका चालीने पुढे सरकत आहेत, पण प्रत्येकजण थोडा डावी-उजवीकडे झुलतो आहे. पथक विरळ असेल तर कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. माणसे वाढवली आणि रस्ता तेवढाच ठेवला, की खांद्याला खांदा लागतो. इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यात हेच होते. पण एक फरक आहे. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून त्यांचा आडवा झोका पुढे-मागे वळला, तर सापेक्षतेच्या नियमाने तो कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो. आदाच्या ऊर्जेला ही पट सुमारे ५०० होती! एकाची ऊर्जा एकदम वाढते, दुसऱ्याची तितकीच घटते. कणांना एकत्र बांधून ठेवणारे विद्युत क्षेत्र ठराविक मर्यादेपर्यंतचाच फरक सावरू शकते. त्यापलीकडे गेले की दोघेही पथकातून बाद.

हा तुशेक परिणाम. त्यात पेच असा होता, की टकरी जास्त हव्यात तर कण पुष्कळ हवेत आणि झोत बारीक हवा. पण कण पुष्कळ आणि झोत बारीक म्हणजे गर्दी, आणि गर्दी म्हणजे गळती. हिशेब केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. गळती होत होती खरी, पण अपेक्षेहून कमी होत होती. म्हणजे झोत समजलो होतो त्यापेक्षा जाड असला पाहिजे. दिसू न शकणाऱ्या झोताची जाडी त्यांनी त्याच्या गळतीवरून मोजली! जाड झोतामुळे कण टिकत होते, पण त्यामुळेच टकरी कमी होत होत्या. आदाकडून नवे कण सापडण्याची आशा तिथेच संपली.

दुसरा एखादा असता तर हे अपयश कुठेतरी तळटीपेत दडवून मोकळा झाला असता. तुशेक आणि साथीदारांनी त्याच वर्षी तो सगळा हिशेब निबंध म्हणून प्रसिद्ध केला, कारणांसह आणि सूत्रांसह. पुढे १९६४ मध्ये, टकरीत निघणाऱ्या गॅमा किरणांच्या मोजणीवरून, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन खरोखरच एकमेकांना आदळत आहेत हे त्यांनी सिद्ध केले. आदाचे काम तिथे पुरे झाले. पण नवे यंत्र बांधणाऱ्या प्रत्येकाला आता आधीच ठाऊक होते की कुठे ठेच लागणार. ऊर्जा वाढवली की ही गळती झपाट्याने कमी होते, हेही त्याच सूत्रात होते.

म्हणून पुढचे यंत्र मोठे झाले. त्याचे नाव आदोने, म्हणजे थोरली आदा. घेर १०५ मीटर, आणि प्रत्येक झोताची ऊर्जा आदाच्या सहापट. याचा प्रस्ताव तुशेक यांनी १९६० च्या अखेरीसच मांडला होता. बांधणीचे नेतृत्व फर्नांदो आमान यांनी केले. आदोनेत तुशेक परिणाम फार सतावणार नव्हता, पण तिथे दुसरेच दुखणे निघाले. पुंजक्याच्या पुढच्या भागामुळे नळीच्या भिंतीवर जे विद्युत पडसाद उमटतात, ते मागच्या भागाला ढकलतात, आणि मग सगळा पुंजका शेपटी हलवल्यासारखा हेलकावे खात फुटतो. क्लाउडिओ पेलेग्रिनी आणि मॅथ्यू सँड्स यांनी १९६९ मध्ये याचा उलगडा केला. त्यावरचे षट्ध्रुवी चुंबकांचे औषध आजही जगभर वापरले जाते. कारण ओळखून इलाज करायचा, ही आदाच्या वेळी पडलेली शिस्त इथेही कामी आली.

आदोनेची एक हळहळ लावणारी कथा आहे. त्याची कमाल एकूण ऊर्जा ठरली होती ३ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एक नवा, अत्यंत महत्त्वाचा कण जाहीर केला, आणि तो होता ३.१ वर! थोडक्यात हुकले. बातमी येताच फ्रास्कातीकरांनी चुंबकांतला प्रवाह मर्यादेच्या थोडा वर नेला, आणि काही दिवसांतच तो कण त्यांनाही दिसला. १९७६ चे नोबेल त्या दोन अमेरिकन गटांच्या प्रमुखांना, रिक्टर आणि टिंग यांना, मिळाले. रिक्टर यांचा शोध इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या कड्यातच लागला होता, म्हणजे तुशेक यांनी आखून दिलेल्या वाटेवरच.

तुशेक यांना नोबेल मिळाले नाही. इटलीतल्या विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले आणि १९७५ मध्ये मात्तेउची पदक मिळाले. परदेशी सदस्य म्हणजे, इतकी वर्षे रोममध्ये राहूनही ते ऑस्ट्रियन नागरिकच राहिले. ते हजरजबाबी होते, फर्मास व्यंगचित्रे काढत. बैठका लांबल्या की त्यांच्या कागदावर सहकाऱ्यांचे चेहरे उमटू लागत. दारूचे व्यसन मात्र जडले आणि ते भोवले. १९७७ मध्ये जिनिव्हाच्या सर्न संशोधन संस्थेत गेले, तिथेच यकृताचे दुखणे बळावले. २५ मे १९७८ रोजी आपल्या मायदेशी, इन्सब्रुकला, त्यांनी देह ठेवला. वय ५७. ज्यांना २४ व्या वर्षी मेलेले समजून रस्त्यावर टाकले होते, त्यांना आणखी ३३ वर्षे मिळाली, आणि ती त्यांनी अशी सार्थकी लावली.

त्यांच्या मागे त्या वाटेवर मोठमोठी यंत्रे झाली. सर्नचे २७ किलोमीटर घेराचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कडे १९८९ ते २००० असे चालले. भारतात होळकरांच्या इंदूरला इंडस-१ हे कडे १९९९ मध्ये आणि इंडस-२ हे २००५ मध्ये सुरू झाले. इंडस-१ ची ऊर्जा कमी, त्यामुळे तिथे तुशेक परिणामाचा विचार अधिक करावा लागतो. डायमंडसारख्या यंत्रांत झोत मुद्दाम अतिशय बारीक ठेवतात, कारण त्याशिवाय क्ष-किरण प्रखर होत नाहीत. म्हणजे गळती आलीच. मग तिथे दर काही मिनिटांनी थोडे थोडे इलेक्ट्रॉन वरून भरत राहतात, पाण्याची टाकी गळते म्हणून नळ बारीक सुरू ठेवावा तसे. काही ठिकाणी जादा विद्युत क्षेत्र लावून पुंजका लांबट करतात, म्हणजे गर्दी कमी होते. इलाज वेगवेगळे, पण निदान एकच, आणि ते १९६३ च्या त्या रात्रीचे.

मंडळी, आपल्या मुलांना शाळेत शोध म्हणजे यश असे शिकवले जाते. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आपले यंत्र कुठे कमी पडते हे नेमके शोधून, ते न लपवता सगळ्यांना सांगणे, हाही शोधच असतो आणि तो पुढच्यांच्या फार उपयोगी पडतो. ब्रुनो तुशेक यांचे नाव आजही यंत्रांच्या नियंत्रण कक्षांतून रोज घेतले जाते, ते त्यासाठीच.